त्या गोल पाठीच्या मँडोलिनवर नव्या तारा चढवू नका

वाचकाचं पत्र: माझे आजोबा मुंबईत गोदीत नोकरीला होते. तिथे त्यांनी घेतलेलं गोल पाठीचं मँडोलिन आमच्याकडे आहे. आत ‘नापोली’ असं छापलेलं, पदकांची चित्रं असलेलं लेबल दिसतं. गणपतीच्या मेळ्यात ते वाजवायचे. ते गेल्यावर तीसेक वर्षं वाद्य माळ्यावर होतं. आता माझ्या १३ वर्षांच्या मुलीला मँडोलिन शिकायचं आहे. जुनी हिंदी गाणी तिला फार आवडतात. पण दांडीवरच्या बाराव्या पडद्याशी तार इतकी उंच आहे की खालून पेन्सिल जाते, आणि तबलीवर, म्हणजे पुढच्या लाकडी फळीवर, एक बारीक चीर आहे. दुकानदार म्हणाला, हे शोभेला ठेवा आणि नवीन घ्या. एका व्हिडिओत मात्र ऐकलं की जुन्या वाद्याचा आवाज नव्याला येतच नाही. मी तारांचं नवं पाकीट आणलं आहे, त्यावर ११ ते ४० असं लिहिलंय. चढवू का? आणि नवीन घ्यायचंच झालं तर ते वळणदार शिंगाचं घ्यावं की साधं? – एक वाचक, सांगली

उत्तर:

ते पाकीट आधी बाजूला ठेवा. बाकीचं उत्तर सवडीने वाचलंत तरी चालेल, पण या तारा आजोबांच्या मँडोलिनवर चढवू नका. ‘एकच लावून बघू’ असंही करू नका.

पाकिटावरचे ११ आणि ४० हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात आहेत. सगळ्यांत बारीक तार ११, सगळ्यांत जाड ४०. हा संच आजच्या, अमेरिकी धाटणीच्या मँडोलिनचा. गोल पाठीच्या नेपल्स (म्हणजे तुमच्या लेबलवरचं ‘नापोली’) धाटणीला ९ पासून सुरू होणारा आणि ३२च्या आसपास संपणारा हलका संच लागतो. ९ आणि ११ मधला फरक डोळ्यांना दिसणारही नाही, पण तारेचा ताण जाडीच्या वर्गाने वाढतो. दांडीच्या टोकाकडच्या मेरूपासून तबलीवर उभ्या असलेल्या घोडीपर्यंत (तार या दोन आधारांवर टेकते) ३३० मिलिमीटर लांबी धरली, तर ९ची तार वरच्या ‘ई’ सुरात लावल्यावर सुमारे ६ किलोने ओढते. त्याच जागी ११ची लावली की ओढ ९ किलोच्या वर जाते. म्हणजे दीडपट. आणि वाद्यावर तारा आठ आहेत.

हे मी स्वतःच्या हाताने करून बसलो आहे. खूप वर्षांपूर्वी एका स्नेह्यांनी असंच मँडोलिन माझ्याकडे नीट करायला दिलं होतं. बाजारात मिळाल्या त्या तारा मी लावल्या. दोन दिवस ते छान वाजलं, आवाज मोठा झाला म्हणून मी खूश होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली तर सगळे सूर एका पडद्याने उतरलेले. तबलीवरून बोट फिरवलं, तर घोडीच्या पुढे, भोकाच्या काठाशी, लाकूड बशीसारखं खाली गेलं होतं. आतली एक आडवी पट्टी सुटून लोंबत होती. वाद्य पुन्हा वाजतं झालं, पण त्याचा पहिला आवाज परत आला नाही. ते त्यांच्या हातात देताना त्यांनी एक शब्दही काढला नाही, आणि मला मात्र आजही ते आठवलं की वाईट वाटतं. म्हणून इतकं निक्षून सांगतो आहे.

आता हे असं का होतं ते बघू. तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही त्यातच आहेत.

आजोबांचं मँडोलिन मांडीवर पालथं घ्या आणि पाठ उजेडात धरा. लाकडाच्या पातळ, अरुंद पट्ट्या उष्णतेने वाकवून कडेला कड लावून चिकटवलेल्या दिसतील, सोललेल्या संत्र्याच्या फोडी असाव्यात तशा. मोजून बघा, मुलीलाही मोजू द्या. सतारीचा भोपळा शेतात वाढतो, हा भोपळा माणसाने पट्टी-पट्टी जोडून वाढवलेला आहे. आता वाद्य सरळ करून डोळ्यांच्या पातळीवर आडवं धरा आणि तबलीकडे बाजूने पाहा. ती सपाट नाही. घोडीच्या जरा मागे तिला मुरड घातलेली आहे, तिथून ती खाली उतरत जाते. ही मुरड लाकूड तापवून मुद्दाम पाडलेली असते. तारा शेवटच्या काठावरून खाली उतरून तिथल्या आकड्यांना अडकवलेल्या असतात, त्यामुळे त्या घोडीला सतत खाली दाबत राहतात. घोडी चिकटवलेली नसते, या दाबानेच जागेवर बसते. तो दाब झेलायला तबलीला दोनच आधार आहेत: ही मुरड आणि आतल्या दोन-तीन आडव्या पट्ट्या. स्प्रूस नावाच्या लाकडाची ती तबली पातळ ठेवलेली असते, कारण पातळ असली तरच ती चटकन हलते आणि सूर नखी लागताक्षणी उसळी घेऊन येतो. लखलखीत येतो आणि तितक्याच लवकर विरतो. म्हणून तर या वाद्यावर नखी सारखी थरथरवत ठेवायची पद्धत आहे.

हा घाट नेपल्सच्या पास्क्वाले विनाच्चा यांचा. १८३५च्या सुमारास त्यांनी आतड्याच्या आणि पितळेच्या तारांच्या जागी पोलादी तारा आणल्या, लाकडी खुंट्यांऐवजी दात्यांच्या किल्ल्या बसवल्या, पडद्यांची पट्टी लांब केली. विनाच्चा घराणं त्याआधी शंभरेक वर्षांपासून मँडोलिन बनवत होतं. पोलादी तार ही त्या काळातली मोठी उडी होती, पण ती बारीक तार होती, आणि सगळं वाद्य त्या बारीक तारेच्या हिशेबाने बांधलेलं होतं. दांडीत लोखंडी सळई नाही, घोडी खाली-वर करायला चाक नाही. जास्त ओढ आली तर आधी दांडी वाकते, नाहीतर तबली बसते.

तुम्ही ज्याला नवीन म्हणता त्याची गोष्ट वेगळ्या गावात सुरू होते. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी ऑरव्हिल गिब्सन यांनी मँडोलिनचा विचार व्हायोलिनसारखा केला. पट्ट्या वाकवायच्या नाहीत, तबली आणि पाठ जाड फळीतून कोरून काढायची, मधे फुगीर आणि कडेला पातळ. त्यांना १८९८ साली पेटंट मिळालं, १९०२ साली त्यांच्या नावाची कंपनी उभी राहिली. तिने दोन आकार रूढ केले. एक साधा, पाण्याच्या थेंबासारखा, त्याला ‘ए’ म्हणतात. दुसरा ‘एफ’, वरच्या खांद्याला गोगलगाईसारखं वळलेलं शिंग आणि कडेला टोकं असलेला. गोल पाठीच्या वाद्यांना अमेरिकेत बटाट्यावरच्या पट्टेरी किड्याचं नाव पडलं, आणि नव्या वाद्याच्या जाहिरातींनी ते नाव भरपूर वापरलं. मला ती थट्टा आजही पटत नाही. ज्या वाद्याने नेपल्सपासून न्यूयॉर्कपर्यंत लोकांना वेड लावलं, त्याला कीड म्हणायचं कारण नव्हतं.

खरा बदल आणखी वीस वर्षांनी झाला. लॉइड लोअर हे स्वतः मँडोलिन वाजवणारे, ध्वनिशास्त्राची ओढ असलेले गृहस्थ १९१९ ते १९२४ या काळात त्या कंपनीत होते. त्यांच्या देखरेखीखाली १९२२ मध्ये ‘एफ-५’ आलं. मधल्या लंबगोल भोकाऐवजी व्हायोलिनसारखी, इंग्रजी ‘एफ’ अक्षराच्या आकाराची दोन भोकं. तबलीखाली आडव्या पट्ट्यांऐवजी लांबीच्या दिशेने धावणाऱ्या दोन पट्ट्या. पडद्यांची पट्टी तबलीपासून वर उचललेली, म्हणजे तबली मोकळी. दांडी आधीपेक्षा लांब, पोटाला ती पंधराव्या पडद्याशी मिळते. तारेची लांबी मात्र जवळपास तेवढीच, त्यामुळे घोडी सरकून तबलीच्या मध्याकडे आली, जिथे लाकूड सगळ्यांत मोकळेपणाने हलतं. शिवाय दांडीत समायोजनाची सळई आणि उंची बदलता येणारी घोडी, याही त्याच सुमाराच्या गोष्टी. या वाद्याचा आवाज कोरडा, ठाम आणि लांब जाणारा. गंमत म्हणजे तेव्हा ते फारसं खपलं नाही. लोकांना बॅन्जोचं वेड लागलं होतं, मँडोलिनचा बहर ओसरला होता. १९२४च्या शेवटी लोअर कंपनीतून गेले.

पुढे १९४०च्या दशकात अमेरिकी मँडोलिनवादक बिल मन्रो यांना मायामीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात १९२३ सालचं ‘एफ-५’ दिसलं. त्यांनी ते घेतलं आणि त्यावर ब्लूग्रास नावाचं अख्खं संगीत उभं केलं. तेव्हापासून जगभर सगळ्यांना ‘तसंच’ मँडोलिन हवं असतं. १९८५ साली कुणीतरी मन्रो यांच्या घरात घुसून ते वाद्य शेकोटीच्या सळईने फोडलं. त्याच्या अक्षरशः काटक्या झाल्या होत्या. चार्ली डेरिंग्टन नावाच्या कारागिराने त्या एकेक करून जुळवल्या आणि मन्रो त्यावर पुन्हा वाजवू लागले. तुमच्या तबलीवरच्या एका चिरेची काळजी वाटत असेल, तर ही गोष्ट लक्षात ठेवा.

म्हणजे दुकानदार ज्याला नवीन म्हणतो, त्याचा नकाशा १९२२चा आहे. तुमच्याकडे आहे त्याचा १८३५चा. जुनं विरुद्ध नवं असा हा सामना नाहीच. एक वाद्य गच्चीत, खिडकीखाली, चार माणसांत वाजवायला घडवलेलं आहे. दुसरं भरल्या मंचावर फिडल आणि बॅन्जोच्या गलक्यातून ऐकू यायला. दोघांनी उचलायचं ओझंच वेगळं. अमेरिकी वाद्यावर तारेची लांबी ३५२ मिलिमीटर, तारा जाड, आठ तारांची मिळून ओढ ८० किलोच्या आसपास. ती फुगीर, कोरलेली तबली ते पेलते. उलट तिच्यावर तुमच्या आजोबांच्या बारीक तारा लावल्या तर ती जागीच होणार नाही, आवाज मिणमिणता येईल.

गेल्या काही दशकांत नवं असं जे खरोखर आलंय ते असं: पडद्यांची पट्टी किंचित बहिर्वक्र केली आहे, त्यामुळे चार तारांचे स्वरमेळ धरायला सोपे जातात. पडदे रुंद झाले, काही कारागीर तबलीखाली फुलीच्या आकारात पट्ट्या लावतात, काही दांडीत कार्बन फायबर घालतात. आणि संगणकावर चालणारी यंत्रं तबली कोरतात, म्हणून पूर्वी फक्त श्रीमंताला परवडायचं असं कोरलेलं वाद्य आता चीनमधल्या कारखान्यांतून मध्यमवर्गीय घरात येऊ शकतं. या शेवटच्या गोष्टीचं मला फार मोल वाटतं.

राहिला तो व्हिडिओ. जुन्या लाकडाचा आवाज नव्याला येतच नाही, हे मी मान्य करत नाही. २०१० साली इंडियानापोलिसला व्हायोलिनवर एक प्रयोग झाला. २१ कसलेल्या वादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे चढवून त्यांच्या हातात तीन नवी आणि तीन जुनी इटालियन व्हायोलिनं दिली, जुन्यांत स्ट्राडिव्हारी या नामवंत कारागिराचीही. जुनं कोणतं ते त्यांना खात्रीने ओळखता आलं नाही, आणि घरी न्यायला बहुतेकांनी नवं निवडलं. मँडोलिन म्हणजे व्हायोलिन नव्हे, पण नुसत्या वयाने वाद्य गोड होतं या समजाला मी तेव्हापासून रामराम ठोकला. लेबलचंही तसंच. ‘नापोली’ आणि पदकं छापलेली, पण निर्यातीसाठी भराभर बनवलेली स्वस्त वाद्यंही इटलीतून भरपूर बाहेर गेली. तुमचं त्यांतलंच असेल तरी वाईट वाटून घेऊ नका. आजोबांनी मेळ्यात वाजवलं ते हेच ना?

आता मुलीचं. तिला ‘ए’ आकाराचं साधं, कोरलेल्या अखंड तबलीचं नवं मँडोलिन घेऊन द्या. वळणदार शिंगावर जे कष्ट पडतात ते सगळे डोळ्यांसाठी असतात, आवाजात त्यांचा वाटा नाही म्हटलं तरी चालेल. तेवढ्याच पैशांत ‘ए’ घेतलंत तर लाकूड आणि कारागिरी एक पायरी वरची मिळते. भोक शक्यतो लंबगोल बघा. सज्जाद हुसेन, किशोर देसाई, संगीतकार होण्याआधी मँडोलिनवादक म्हणून नाव कमावलेले लक्ष्मीकांत कुडाळकर, यांच्या मँडोलिनमधून हिंदी गाण्यांत आलेली ती थरथर तिच्या कानात असणार. त्या थरथरीला लंबगोल भोकाचा भरीव, जरा रेंगाळणारा आवाज साजतो. ‘एफ’ भोकांचा तुटक ठोका ब्लूग्रासला हवा असतो, तिला आत्ता तरी नको. दुकानात गेलात की भोकाच्या काठाकडे बारकाईने बघा. तबलीवरच्या रेषा काठावरून तशाच आत उतरत असतील तर लाकूड अखंड आहे. वरची रेघ काठावर थांबून खाली वेगळाच थर दिसला, तर ते प्लायवुड. मग पाठ फिरवा.

गोल पाठीवर तिने शिकायला सुरुवात करू नये असं मी म्हणतो, त्याला आणखी एक साधं कारण आहे. ते वाद्य मांडीवरून घसरतं. जाणते वादक मांडीवर मऊ चामड्याचा तुकडा टाकून ते सांभाळतात. नवशिक्या मुलीचं निम्मं लक्ष वाद्य धरण्यातच जाईल, आणि बाराव्या पडद्याशी पेन्सिल जाते म्हणजे तार ७ मिलिमीटर उंच आहे. तिथे २ मिलिमीटर हवी. या उंचीवर तिची बोटं सोलून निघतील आणि सूरही चढे लागतील, कारण तार दाबताना ताणली जाते.

उद्या तिला राग-संगीताकडे जावंसं वाटलं, तर पुन्हा वेगळा विचार करावा लागेल. जोडतारांवर, म्हणजे एकाच सुराच्या दोन-दोन तारांवर, मींड काढणं (तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर सरकणं) अवघड असतं. यू. श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीतातल्या गमकांसाठी जोडतारा सोडून एकेरी पाच तारांचं इलेक्ट्रिक मँडोलिन घेतलं. पण तो प्रश्न तिला पडेल तेव्हा पडू द्या.

आजोबांचं मँडोलिन शोभेला ठेवू नका. ते दुरुस्त करण्याजोगं आहे असं मला पत्रावरून वाटतं. सांगलीहून मिरज हाकेच्या अंतरावर. तंतुवाद्याच्या कारागिरांना तबली, पट्ट्या आणि सरस यांबद्दल तुम्ही-मी काही शिकवायला नको. फक्त तीन गोष्टी स्वतः सांगा. एक, घोडीला जवारी करायची नाही. सतारीची घोडी रुंद, सपाट असते आणि तार तिच्यावर घासून गुंजते. मँडोलिनची तार धारेवरून सुटली पाहिजे, सपाट केली की सगळं वाद्य झणझणेल. दोन, जोडकाम सरसानेच, सुताराच्या पांढऱ्या गोंदाने नाही. जुनी जोडणी बहुधा सरसाचीच असते, आणि सरस उष्णतेने व ओलाव्याने पुन्हा उघडता येतो, म्हणजे पुढच्या माणसालाही दुरुस्ती करता येते. तीन, पॉलिश खरवडून नवं चढवायचं नाही. तार उंच असण्याचं मूळ बहुतेक दांडीत आहे, ती वाकली असेल किंवा मुळाशी उचलली गेली असेल. नुसती घोडी घासून उंची कमी करायला कुणी निघालं तर थांबवा, तेवढं घासलं तर घोडीच उरणार नाही. भोकाखाली तबलीत बसवलेली गडद रंगाची चकती कासवाच्या कवचाची असू शकते, तिला उष्णता आणि स्पिरिट लागू देऊ नका. पुढे कधी वाद्य परदेशी पाठवायचा विचार आला तर याच चकतीवरून कायद्याची अडचण येऊ शकते, आधी चौकशी करा.

दुरुस्ती झाली की ९ ते ३२चा हलका संच लावा, आणि मुलीचा हात बसल्यावर आठवड्यातून एकदा तिला ते वाजवू द्या. सूर दोन्हींचे तेच आहेत: जी, डी, ए, ई. बोटं तीच पडतात. त्या पातळ तबलीवर नखी किती हलकी धरावी लागते हे तिला कुणी सांगायला लागणार नाही. जोर केला की ते वाद्य कर्कश होतं, हात सैल सोडला की गातं.

आज संध्याकाळी एवढंच करा. घोडीच्या दोन्ही पायांभोवती तबलीवर मऊ पेन्सिलने बारीक खूण करा, नाहीतर तारा ढिल्या झाल्यावर घोडी सरकेल आणि तिची जागा पुन्हा शोधावी लागेल. मग जुन्या तारा सगळ्या एकदम काढू नका, प्रत्येक किल्ली थोडी-थोडी फिरवत आळीपाळीने सैल करा. मूठ वळून तबलीवर हलकेच टकटक करा. आत काही खडखडलं तर एखादी पट्टी सुटली आहे, ते कारागिराला आधीच सांगा. वाद्य माळ्यावर परत ठेवू नका, पत्र्याखालच्या उन्हाने आणि पावसाळी दमटपणाने लाकूड आलटून-पालटून आकसतं आणि फुगतं. कपड्यांच्या कपाटात, सुती कापडात गुंडाळून, बाहेरच्या भिंतीपासून दूर असू द्या. आणि दांडी पोटाला जिथे मिळते त्या सांध्याचा बाजूने काढलेला एक फोटो मला पाठवा, किती काम आहे ते त्यावरून बरंचसं कळेल.